चाक काय म्हणतंय ते आधी ऐक

ताई, पोळ्याला आली होतीस तेव्हाची गोष्ट आठव. दुपारी शेताकडं गेलीस, पांदणीच्या चिखलातून गाडी बाहेर काढलीस, रात्री अंगणात लावलीस. सकाळी पुण्याला निघालीस आणि परभणी यायच्या आत तुझा फोन. "काका, गाडी थरथरायली. ऐंशीच्या पुढं गेलं की स्टिअरिंग हातात राहीना." मी विचारलं, कितीला सुरू होतं अन् कितीला थांबतं? "ते नाही बघितलं." हातात जाणवतं का बसायच्या जागेखाली? "सगळीकडंच." मला फोन लावायच्या आधी तू सर्व्हिस सेंटरलाही लावला होतास. तिथल्या पोरानं गाडी न बघताच खालचा आर्म, बुश, डिस्क अशी यादी वाचली आणि आकडा सांगितला. तो ऐकून तू उलटी फिरलीस आणि आपल्या गावाला, हट्ट्याला परत आलीस. ते बरं केलंस.

मी काही मोठं केलं नाही. चाकाच्या दांड्यांमधून हात आत घातला, रिमची आतली बाजू चाचपली. बोटाला ढेकूळ लागलं. आपली काळी माती ओली असते तोवर लोणी आणि वाळली की सिमेंट. रात्रभर गाडी एका जागी उभी, चाकातला चिखल ओघळून खालच्या बाजूला गोळा झाला आणि सकाळपर्यंत तिथंच घट्ट बसला. चारही चाकांत तेच. बांबूची कामटी आणि पाण्याची बादली घेऊन आपण दोघांनी तासभर उकरलं. तू खुरपं आणायला निघाली होतीस, मी नको म्हणालो, कारण रिमवरचा लेप एकदा ओरखडला की तिथून रिम खायला लागते. पुढच्या डाव्या चाकातून निघालेली माती समोरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली, १६० ग्रॅम भरली. मग तू गाडी नेलीस, शंभरला गेली, थरथर हाताला लागलीच नाही म्हणालीस. खर्च एक बादली पाणी.

एवढ्याशा मातीनं दोन टनांची गाडी कशी हलते, असं तू तेव्हा विचारलंस आणि उत्तर न घेताच गेलीस. हिशोब असा आहे. तुझं चाक टायरसकट साधारण ६७ सेंटिमीटर उंच. ताशी १०० च्या वेगाला ते सेकंदाला १३ गिरक्या घेतं. रिमच्या कडेला एका बाजूला फक्त ५० ग्रॅम जास्त असले, तरी त्या वेगाला ते चाकाला साडेसात किलोच्या जोरानं बाहेर ओढतात, आणि ही ओढ सेकंदाला १३ वेळा गरागरा फिरते. वेग निम्मा केला की ओढ चौथाईवर येते, म्हणून ५० च्या वेगाला ती दोन किलोसुद्धा भरत नाही. गावात गाडी गुळगुळीत आणि हायवेला लागली की अंगात आल्यासारखी, याचं कारण हे. वसमतला हळद पॉलिश करायचा ड्रम बघितला आहेस ना? हळकुंडं एका बाजूला साचली की पाया सोडून नाचतो. तसंच.

परभणी विभागाच्या एसटी वर्कशॉपात टायर सेक्शनला माझी उमेद गेली. तिथं ड्रायव्हर वहीत तक्रार लिहायचे. कच्चा ड्रायव्हर लिहायचा, "गाडी बरोबर नाही." पक्का ड्रायव्हर लिहायचा, "साठच्या पुढं पुढचं उजवं चाक, ब्रेकवर पाय ठेवला की जास्त." पहिल्याच्या गाडीला अर्धा दिवस जायचा, दुसऱ्याच्या गाडीला वीस मिनिटं. तुझे आजोबा तर बैलगाडी आडवळणाला असतानाच सांगायचे की कुणाची येतेय अन् तिच्या आखाला वंगण आहे का नाही. तुझ्या गाडीत आवाज अडवणारे पडदे आहेत, दुहेरी काचा आहेत, दारांना जाड रबर आहे. त्यामुळं झालंय असं की इंजिनाचा आवाज आत येत नाही आणि जुन्या गाडीत जे इंजिनाच्या आवाजाखाली झाकलं जायचं ते टायर-बेअरिंगचं बारीक गुणगुणणं आता स्पष्ट ऐकू येतं. महागड्या गाडीवाले म्हणूनच जास्त तक्रार करतात, त्यांच्या गाड्या जास्त बिघडतात असं नाही. बॅटरीवरच्या गाड्यांत तर हे आणखी.

तेव्हा थरथर लागली की आधी पैशाचा विचार करू नकोस. मोकळा रस्ता बघ, सोबत कुणाला तरी लिहायला बसव. कितीला सुरू, कितीला थांबतं ते लिही. ऐंशी ते एकशेदहाच्या मध्येच येऊन पुढं जरा कमी होत असेल तर चाकाचं वजन हललंय, हे दहातल्या आठ वेळा खरं निघतं. हातात म्हणजे पुढची चाकं, बुडाखाली आणि पाठीला म्हणजे मागची. मग त्याच वेगाला गाडी न्यूट्रल करून वाहू दे. थरथर तशीच राहिली तर इंजिनाचा संबंध नाही, चाकाचा आहे. वेग वाढवायला पाय दाबला की येते आणि पाय काढला की जाते, तर मग चाक सोड, आत ताकद नेणाऱ्या शाफ्टचे सांधे बघायला सांग. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग डावं-उजवं करतं, तर डिस्क. लोक म्हणतात डिस्क वाकली. वाकत नाही बहुतेक, तिची जाडी एकसारखी राहत नाही. तापलेल्या डिस्कला एकदम गार पाणी सोसत नाही, तरी घाटातून उतरून आल्या आल्या वॉशिंग सेंटरवर तापल्या चाकांवर पाण्याचा फवारा मारू देणारे लोक मी बघितलेत, त्यांना काय सांगायचं?

आणि दोन-तीन आठवडे गाडी पार्किंगमध्ये उभी असेल, तुझी विमानानं जायची कामं असतात तेव्हा, तर पहिले दहा-पंधरा किलोमीटर ती थडथडणारच. टायर जमिनीला टेकला तिथं चपटा होतो. गरम झाला की आपोआप गोल होतो. त्यासाठी कुणाकडं जाऊ नकोस.

बॅलन्सिंगला जाशील तेव्हा मात्र एसीच्या खोलीत मोबाइल बघत बसू नकोस. मशीनजवळ उभी राहा. तुला बघून ते "मॅडम, तुम्ही बसा" म्हणतील आणि तुझ्या नवऱ्याला समजावून सांगतील. तरी उभी राहा. एक गोष्ट सांगतो, ती वर्कशॉपातले जुने लोकच करतात. मशीननं शून्य दाखवलं की त्या पोराला म्हण, चाक सैल कर, अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसव आणि पुन्हा फिरव. परत शून्य किंवा पाचेक ग्रॅम आलं तर काम खरं. वीस-तीस ग्रॅम आलं तर चाक मशीनवर वाकडं बसलं होतं आणि आधीची सगळी शिशाची वजनं फुकट लावली. ते पोरगं तोंड करील. करू दे.

नवीन टायर टाकल्यावर पहिल्या दिवशी जोरात ब्रेक मारत, उडवत जाऊ नकोस. टायर रिमवर चढवताना साबणाचं पाणी लावतात. ते वाळायच्या आत जोर लावला तर टायर रिमवर दोन बोटं सरकतो आणि सकाळी केलेलं बॅलन्सिंग संध्याकाळी गेलेलं असतं. लोक दुकानदाराला शिव्या देतात.

चाक गाडीला लावतानाही बघ. हबवर गंज किंवा वाळलेली माती राहिली, अगदी अर्धा मिलिमीटर, की चाक तिरकं बसतं. तारेच्या ब्रशनं पुसून घे म्हणावं. बाजारातून शोभेच्या रिमा घेणाऱ्यांचं वेगळंच दुखणं असतं. त्या रिमचं मधलं भोक मोठं ठेवतात, सगळ्या गाड्यांना चालावं म्हणून. मग हब आणि रिम यांच्या मध्ये कडं लागतं, ते नसेल तर चाक फक्त बोल्टांवर लोंबतं आणि किती बॅलन्स केलं तरी थरथरतं. जर्मन गाड्यांत काहींच्या बोल्टची बैठक गोल असते, बाजारातल्या रिमला बहुतेक वेळा निमुळती लागते. गोल बैठकीत निमुळता बोल्ट वरून घट्ट वाटतो आणि आतून सैल असतो. हे थरथरीपुरतं थांबत नाही, यात चाक निघून पडतं. तू कंपनीच्याच रिमा ठेवल्यास, डोकं शाबूत आहे.

बोल्ट आधी हातानं, समोरासमोर, मग टॉर्क पान्यानं. किती जोर लावायचा ते गाडीच्या पुस्तकात असतं, १२० ते १५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान तुझ्यासारख्या बहुतेक गाड्या येतात. हवेच्या गननं ठर्रर्र करून आवळलेले बोल्ट रस्त्यात पंक्चर झाल्यावर तुझ्या हातानं सुटणार नाहीत, माझ्याही नाही. आणि एका चाकात एक निराळा बोल्ट असतो, चोरीसाठी. त्याची चावी, म्हणजे ते छोटं सॉकेट, काम झालं की मोजून परत घे. पंक्चरवाल्याच्या डब्यात गेलेली ती चावी परत मिळालेली मी कधी ऐकली नाही.

उन्हाळ्यातला तो घुमणारा आवाज आठवतो का? "काका, मागून घूंऽऽ असं येतं, वेगासोबत वाढतं." एका ठिकाणी तुला दोन्ही मागची बेअरिंगं सांगितली होती. बेअरिंग जातं, नाही असं नाही, आणि गेलं तर त्यावर दिवस काढायचे नसतात. पण आधी दोन परीक्षा करायच्या. मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरला गाडी हलकीच डावीकडं, मग उजवीकडं झोकायची, लेन बदलल्यासारखी. डावीकडं वळवली की भार उजव्या चाकांवर येतो. भार आल्यावर आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, उलट झालं तर डावं. तुझ्या गाडीचा आवाज कुणीकडंही वळवली तरी तसाच राहिला. मग मी खाली बसलो आणि मागच्या टायरवर तळहात फिरवला, पुढून मागं. गुळगुळीत. मागून पुढं फिरवला तर करवतीवरून हात गेल्यासारखं झालं. प्रत्येक ठोकळ्याची एक कड झिजून दुसरी उभी राहिलेली. ते दात रस्त्यावर आपटतात आणि तोच आवाज बेअरिंगसारखा ऐकू येतो. मागची चाकं पुढं आणि पुढची मागं केली, आवाजही पुढं आला. बेअरिंग काही चाकासोबत चालत जात नाही.

असा टायर एकदा दात धरला की पहिल्यासारखा गप्प होत नाही, हे तेव्हाही सांगितलं होतं. अलाइनमेंट करून घेतलीस त्यानं पुढचं नुकसान थांबलं एवढंच. अलाइनमेंटच्या कागदावर चारही चाकांचे आधीचे आणि नंतरचे आकडे छापून येतात, तो कागद घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मागच्या चाकांचेही आकडे हवेत. आपल्याकडं पुढची दोन चाकं बघून मोकळं करायची खोड आहे आणि तुझ्यासारख्या गाड्यांत मागचीच आधी आतून खातात, बाहेरून टायर नवा दिसतो.

एक मात्र खरं, प्रत्येक आवाज गाडीचा नसतो. जालन्याहून समृद्धीला लागलीस की टायर वेगळ्याच सुरात गायला लागतात. तो काँक्रीटचा आवाज आहे, पृष्ठभागावर घसरू नये म्हणून आडव्या रेघा ओढलेल्या असतात त्यांचा. डांबरावर आली की जातो. आपल्याकडच्या डांबरी रस्त्याचं निराळंच. खाली काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळून बसते आणि वरचा रस्ता तिच्यासोबत लाटा घेतो. गाडी होडीसारखी वर-खाली झुलली तर शॉकॲब्सॉर्बर बदलायला धावू नकोस. दुसऱ्या रस्त्यावर नेऊन बघ.

रस्त्यावरून आठवलं, २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादेत एकाच दिवशी १५० मर्सिडीज विकत घेतल्या गेल्या होत्या, साधारण ६५ कोटींचा सौदा. तू तेव्हा शाळेत असशील. पेपरात फोटो बघून आमच्या सेक्शनला दोन दिवस दुसरा विषय नव्हता. आमचा एक जुना फिटर फोटोकडं बघत म्हणाला, "गाड्या आल्या, पण टायर बघा, कडा किती आखूड." त्याचं बरोबर होतं. एसटीच्या १०.००-२० टायरची कड वीतभर उंच, खड्डा पोटात घ्यायची. तुझ्या टायरवर २४५/४५ आर १८ लिहिलंय. २४५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ४५ म्हणजे त्या रुंदीच्या ४५ टक्के कडेची उंची, म्हणजे ११ सेंटिमीटर. शोभेसाठी १९-२० इंचांची रिम घेतली की ती ९ वर येते. खड्ड्याची धार आणि रिम यांच्या मध्ये एवढंच रबर. खड्ड्यात आदळलीस तर थांबून, उतरून, दोन्ही कडा बघ, आतलीसुद्धा. कडेला लिंबाएवढा फुगा दिसला तर आतले धागे तुटलेत. तो फुगा बसत नाही, त्याला पॅच नाही, त्याच्यावर पुण्याला जायचं नाही.

हवा. यावर मी बोलायला लागलो की तू "हो काका, हो काका" करतेस. तरी ऐक. किती भरायची ते ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर चिकटवलेलं असतं, दोघांसाठी एक आकडा आणि भरल्या गाडीसाठी दुसरा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा म्हणजे त्या टायरची कमाल, तो आपला नाही. हवा सकाळी बघायची, गाडी चालायच्या आधी. दर दहा अंशांना पावणेदोन पौंडांच्या आसपास फरक पडतो. मे महिन्यात परभणीत ४३ अंश असताना, रस्त्यावरून आल्या आल्या पंपावर गेज लावलंस तर पाच-सहा पौंड जास्त दिसणार. पंपावरचा पोरगा इमानदारीत ती काढून टाकतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर उपाशी असतो. कमी हवेचा टायर कडेत सतत दुमडतो, दुमडला की तापतो आणि तापला की फाटतो. जास्त हवेनं टायर फुटतो म्हणतात, मी बघितलेले फाटके टायर बहुतेक कमी हवेचे निघाले. समृद्धीवर ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता आणि १२० ची मर्यादा, म्हणजे तासन्‌तास तोच वेग, टायरला मधे श्वास घ्यायला गाव लागत नाही. आरटीओनं मध्यंतरी प्रवेशावरच टायर तपासून घासलेल्या गाड्या परत पाठवल्या, ते योग्यच होतं.

नायट्रोजनचे पैसे द्यायचे तर दे. साध्या हवेत तो आधीच ७८ टक्के असतो. आणि डॅशबोर्डवर टायरचा दिवा आहे म्हणून गेज ठेवायचं नाही, असं करू नकोस. दिवा लागेपर्यंत बरीच हवा गेलेली असते.

तुझ्या गाडीत स्टेपनी नाही हे तुला घ्यायच्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. चटई उचललीस तर खाली एक छोटा पंप आणि पांढऱ्या रसायनाची बाटली. २०२० च्या जुलैत केंद्रानं नियम बदलला आणि हवेचा दाब सांगणारी यंत्रणा नि पंक्चर किट दिलं की स्टेपनीची सक्ती काढली. पुण्या-मुंबईत ठीक आहे, पोरगं बाईकवर येतं. औंढ्याहून रात्री येताना कोण येणार? काही गाड्यांना हवा गेल्यावरही चालणारे टायर असतात, रनफ्लॅट. ते ८० च्या वेगानं ८० किलोमीटरच्या आसपास नेतात, पुढं नाही, आणि तसा नेलेला टायर पुन्हा भरवशाचा राहत नाही. त्यांची कड दगडासारखी कडक, म्हणून त्या गाड्या आपल्या रस्त्यांवर जास्त खडखडतात. तेही लोक बिघाड समजतात. ते काढून साधे टायर टाकायचे असतील तर आधी स्टेपनीची सोय बघायची. आखूड पिवळी-लाल स्टेपनी मिळाली तर तिच्यावर ८० च्या वर जायचं नाही, घरी पोचायचं आणि काढायची.

बाटलीतलं रसायन अगदीच अडल्याशिवाय ओतू नकोस. ओतलंस तर पंक्चरवाल्याला आधी सांग, नाहीतर टायर उघडताना ते त्याच्या अंगावर येतं आणि आतला सेन्सर बुजतो. काही महागड्या टायरांत आवाज खायला आतून स्पंजाची पट्टी चिकटवलेली असते. झिरो फाट्यावरच्या एका पोरानं ती पट्टी "आत काहीतरी घाण आहे" म्हणून ओढून काढली होती. गाडी त्या दिवसापासून जास्त गरजायला लागली आणि मालक इंजिन उघडून बसला. पंक्चर असेल तिथलाच तेवढा तुकडा कापायचा. बाहेरून खुपसलेली दोरी घरी पोचण्यापुरती, नंतर आतून छत्रीचा पॅच. कडेला पंक्चर असेल तर पॅच लावणारा कितीही ओळखीचा असो, नाही म्हणायचं.

आणि शेतात गाडी घालायचीच असेल तर चिखल परवडला, धसकट नको. तूर किंवा पऱ्हाटी तिरक्या घावानं कापलेली असते, वाळली की भाल्याचं टोक. ट्रॅक्टरच्या टायरमध्ये घुसतं ते, तुझ्या अकरा सेंटिमीटरच्या कडेचं काय घेऊन बसलीस! बैलसुद्धा उभ्या धसकटात पाय जपून टाकतो. डिकीत हातभर लांबीची जाड फळी ठेव, जॅकखाली घालायला. काळ्या मातीत जॅक वर उचलत नाही, स्वतः खाली जातो. आणि जॅक कुठं लावायचा तो ठोकळा दाराखाली ठरलेला असतो, तिथंच. गाडी हवेच्या सस्पेन्शनची असेल तर आधी तिला जॅक मोडवर टाकायचं.

छोटे आवाज भरपूर घाबरवतात. रस्त्याचं काम चालू असलेल्या पट्ट्यातून आलीस आणि चाकातून एकदम चर्रर्र करून लोखंड कापल्यासारखं वाजायला लागलं, तर डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात खडी अडकलीय. हळूच चार-पाच हात मागं घे, पुढं घे, पडते. टिकटिक वेगासोबत वाढली तर टायरच्या खाचेत दगड किंवा खिळा. खिळा दिसला तर उपटायचा नाही, तसाच पंक्चरवाल्यापर्यंत न्यायचा. ऐंशीच्या पुढं खालून फडफड आली तर पोटाखालचा प्लास्टिकचा पत्रा स्पीडब्रेकरवर घासून सुटलाय, किंवा कारखान्याच्या दिवसांत ट्रॉलीतून सांडलेलं उसाचं पाचट त्यात अडकलंय. वाकून बघायला काही लागत नाही.

नवे टायर घेशील तेव्हा कडेवरचे चार आकडे वाच. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दुकानातच दोन वर्षं पडलेला टायर नव्याच्या भावात घ्यायचा नाही. आयएसआयचा शिक्का बघ. तुझ्या गाडीच्या कंपनीनं ठरवून घेतलेल्या टायरांवर खूण असते, कुणाची तारा, कुणाची एमओ, कुणाची एओ. जमलं तर तीच घे, निदान भार आणि वेगाचा आकडा तोच किंवा वरचा. एका आसावर दोन वेगळे टायर नकोत. बाणवाला टायर बाणाच्या दिशेनं, आणि "बाहेरची बाजू" लिहिलेला त्या बाजूनंच. मी स्वतः उलटे लावलेले टायर नामांकित दुकानातून बाहेर पडताना बघितलेत. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे १.६ मिलिमीटर उरले. कायदा तिथं संपतो, पावसाळ्यात मी त्याच्या आधीच बदलायला सांगेन.

आता सर्व्हिस सेंटर. भांडू नकोस, कागद ने. वेग, जागा, ब्रेकवर की वेग वाढवताना, टायर गरम की थंड, असं चार ओळींत लिहिलेलं. तक्रार नोंदवताना तीच वाक्यं जॉबकार्डवर जशीच्या तशी लिहून घे, "आवाज येतो" एवढ्यावर सही करायची नाही. मग मेकॅनिकला बाजूला बसवून त्याच रस्त्यावर, त्याच वेगानं ने आणि त्याला ऐकव. त्याला ऐकू आल्याशिवाय त्यानं काही बदलायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चालवून बघायची, मग पुढची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि थरथर गेली, तर कशानं गेली हे कुणालाच कळत नाही आणि पैसे तिन्हीचे गेलेले असतात. गाडीची वॉरंटी दाखवून टायरचं भांडण करायचं नाही, टायरची वॉरंटी सहसा टायर कंपनीची असते. तिथंही हवेचा आणि अलाइनमेंटचा कागद मागतात, म्हणून ते कागद फाईलला लाव.

तुला माझं पितळी गेज द्यायचं ठरवलं होतं, वर्कशॉपातून निवृत्त झालो तेव्हा स्वतःच्या पैशानं घेतलेलं. परवा वसमतला पंपावरच्या नव्या यंत्राशी ताडून बघितलं, दोन पौंड जास्त दाखवतंय. तेव्हा दिवाळीला येताना एक चांगलं गेज तूच घेऊन ये, आणि निघायच्या आदल्या सकाळी, गाडी थंड असताना, चारही चाकांचे आकडे मला कळव.